गाडीतला नेव्हिगेशनचा डबा जुना झालाय? फेकण्याआधी आणि 'फ्लॅश' करण्याआधी हे वाचा



आजचा विषय जरा टेक्निकल वाटेल, पण आहे शंभर टक्के धंद्याचा. तुमच्याकडे दोन-चार गाड्या आहेत. ट्रॅव्हल्सच्या असतील, ऊस वाहतुकीच्या असतील, नाहीतर हळद-बेदाण्याचा माल पोचवणारा छोटा टेम्पो असेल. गाडीत नेव्हिगेशनचा स्क्रीन आहे, पण तो अडकत चाललाय. नकाशा जुना, अपडेट बंद, आणि दुकानदार म्हणतो, "साहेब, नवीनच बसवा." तेवढ्यात पोरगा यूट्यूबवर बघून सांगतो, "बाबा, यात ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टिम टाकता येते, फुकट आहे!"

दोघंही अर्धं खरं बोलतायत. उरलेलं अर्धं आज समजून घेऊ. व्हिडिओत सगळं दाखवायला वेळ पुरत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. वही-पेन जवळ ठेवा.

आधी समजून घ्या: डब्यात चार थर असतात

नेव्हिगेशन बिघडलं की आपण सरळ म्हणतो, 'डबा गेला'. पण त्या डब्यात एकावर एक चार गोष्टी असतात.

१. यंत्र: स्क्रीन, चिप, जीपीएसचा अँटेना.
२. ऑपरेटिंग सिस्टिम: विंडोज सीई, लिनक्स किंवा अँड्रॉइड.
३. ॲप: रस्ता शोधून 'डावीकडे वळा' सांगणारं.
४. नकाशा: रस्ते, पूल, गावांची नावं.

आता एक नियम लिहून घ्या. दुरुस्ती वरून खाली करायची नाही, खालून वर करायची. म्हणजे आधी नकाशा बदलून बघा. नाही जमलं तर ॲप बदला. तेही नाही जमलं तरच ऑपरेटिंग सिस्टिमला हात लावा. नवा डबा सगळ्यात शेवटी. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात. नकाशा जुना झाला म्हणून नवा डबा घेतात, नाहीतर ॲप अडकतं म्हणून सिस्टिम फ्लॅश करायला बसतात आणि चालू गाडी बंद करून ठेवतात.

तुमचा डबा कोणत्या जातीचा?

*काचेवर चिकटवायचा जुना छोटा डबा.* पंधरा-वीस वर्षांपूर्वी हे खूप विकले गेले. यातले बरेच विंडोज सीईवर चालायचे, त्यामुळे काहींमध्ये मेमरी कार्डवरून दुसरं नेव्हिगेशन ॲप चालवता येतं. 'नॅव्हिट' नावाचं ओपन सोर्स ॲप आहे, त्याची विंडोज सीईसाठीही आवृत्ती निघाली होती. गार्मिनचा डबा असेल तर आणखी सोपं. ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा गार्मिनला चालेल अशा फाइलमध्ये बदलता येतो, ती फाइल कार्डवर टाकली की बऱ्याच मॉडेल्सवर नवा नकाशा दिसतो. सिस्टिमला धक्काही लागत नाही.

*कंपनीकडून गाडीसोबत आलेला स्क्रीन.* याला हात लावायचा नाही, विषय संपला. हा स्क्रीन रिव्हर्स कॅमेरा, स्टिअरिंगवरची बटणं, कधीकधी एसीशीसुद्धा जोडलेला असतो. त्यातलं सॉफ्टवेअर बहुधा कंपनीच्या डिजिटल सहीशिवाय चालत नाही. शिवाय वॉरंटीचा प्रश्न आहेच.

*बाजारातून बसवलेला अँड्रॉइड स्टिरिओ.* सगळ्यात जास्त प्रश्न याच्याबद्दल येतात. यात दोन मेंदू असतात. एक मुख्य चिप, तिच्यावर अँड्रॉइड चालतं. दुसरी छोटी चिप, तिला एमसीयू म्हणतात. चावी फिरवल्यावर चालू होणं, रिव्हर्स टाकला की कॅमेरा दाखवणं, स्टिअरिंगची बटणं ओळखणं, ही कामं तिच्या भरवशावर चालतात. या दोघांना जोडणारा कोड स्टिरिओ बनवणाऱ्याचा असतो आणि तो सहसा कुठेही प्रसिद्ध केलेला नसतो. म्हणून या स्टिरिओंसाठी लिनिएजओएससारख्या ओपन सिस्टिमची अधिकृत आवृत्ती शोधायला गेलात तर बहुधा हात हलवत परत याल. कोणी 'चालते' म्हणून फाइल दिली आणि तुम्ही टाकली, तर अँड्रॉइड सुरू होईलही, पण रेडिओ मुका, कॅमेरा आंधळा अशी गत होऊ शकते.

आणखी एक गंमत. काही स्वस्त स्टिरिओंच्या सेटिंगमध्ये अँड्रॉइडची नवी आवृत्ती लिहिलेली असते, आत मात्र जुनीच असते. यंत्राची माहिती दाखवणारं एखादं फुकट ॲप टाकलं की खरं-खोटं कळतं. खरेदी करतानाच दुकानात हे तपासा.

या स्टिरिओवर उपाय काय? यूएसबीवरून ओपन सोर्स ॲप टाका. सिस्टिम तीच ठेवा, तिसरा आणि चौथा थर बदला. बऱ्याच वेळा तेवढ्यानंच काम भागतं.

मग ओपन सिस्टिम कुठे जमली?

जमली, आणि त्याची गोष्ट शिकण्यासारखी आहे. नेदरलँड्सची टॉमटॉम कंपनी. २००४ मध्ये त्यांनी 'टॉमटॉम गो' हा डबा आणला, तो लिनक्सवर चालायचा. लिनक्सचं लायसन्स म्हणतं: आमचा कोड वापरून वस्तू विकलीत, तर त्या कोडमध्ये तुम्ही केलेले बदल लोकांना द्यावे लागतील. त्याप्रमाणे कंपनीनं तो कोड खुला केला. तो हातात आल्यावर हौशी प्रोग्रामर मंडळींनी 'ओपनटॉम' नावाचा प्रकल्प उभा केला आणि त्याच डब्यावर स्वतःची लिनक्स चालवून दाखवली.

यातून आपण काय घ्यायचं? डबा महाग की स्वस्त, यावर काही ठरत नाही. त्याच्या आतल्या यंत्राचा कोड खुला आहे का, यावर सगळं ठरतं. कोड खुला असेल तर कंपनीनं अपडेट बंद केलं तरी कोणीतरी तो डबा जिवंत ठेवू शकतं. कोड बंद असेल तर अपडेट संपलं की डब्याचं आयुष्यही संपत येतं. मोठ्या कंपन्यांनाही हे पटलंय. लिनक्स फाउंडेशननं २०१२ मध्ये 'ऑटोमोटिव्ह ग्रेड लिनक्स' हा गाड्यांसाठीचा प्रकल्प सुरू केला. टोयोटानं २०१८ च्या कॅमरीत त्यावर आधारलेली सिस्टिम वापरली.

आपल्यासाठी जमणारा रस्ता: कपाटातला जुना फोन

टॉमटॉमचा तो डबा तुमच्याकडे नसणार. पण कपाटात पडलेला एखादा जुना अँड्रॉइड फोन नक्की असेल. त्यात जीपीएस आहे, स्क्रीन आहे, स्पीकर आहे. नेव्हिगेशनला अजून काय लागतं? तोच गाडीचा नेव्हिगेशन डबा करायचा.

लिनिएजओएस ही अँड्रॉइडवर आधारलेली ओपन सोर्स सिस्टिम आहे. सायनोजेनमॉड नावाचा प्रकल्प २०१६ च्या डिसेंबरमध्ये बंद पडला, त्यातूनच ही उभी राहिली. कंपनीनं अपडेट थांबवलेल्या बऱ्याच फोनना ती नवं आयुष्य देते. पोको एफ१, वनप्लस ६ यांसारखे फोन तिच्या अधिकृत यादीत आलेले आहेत. तुमचा फोन आहे का, ते यादीत स्वतः बघा. 'त्याच्यासारखाच आहे' हे चालत नाही. मॉडेलचं सांकेतिक नाव तंतोतंत जुळलं पाहिजे.

ढोबळ पायऱ्या अशा:

१. फोनचं नेमकं मॉडेल आणि सांकेतिक नाव लिहून घ्या. त्या फोनचं अधिकृत सूचनापान शेवटपर्यंत वाचा, मगच सुरुवात करा.
२. फोटो, संपर्क, सगळं दुसरीकडे उतरवून घ्या. बूटलोडर अनलॉक केला की फोनमधलं सगळं पुसलं जातं.
३. डेव्हलपर सेटिंगमध्ये 'ओईएम अनलॉकिंग' चालू करा. काही कंपन्या यासाठी अर्ज करायला आणि काही दिवस थांबायला लावतात. काही कंपन्या अनलॉक करूच देत नाहीत. मग तो फोन सोडून द्या.
४. कॉम्प्युटरवर 'एडीबी' आणि 'फास्टबूट' ही साधनं घ्या. केबल चांगली, फोन पूर्ण चार्ज.
५. अनलॉक करा, मग लिनिएजची रिकव्हरी टाका, जुना डेटा फॉरमॅट करा आणि सिस्टिमची फाइल 'साइडलोड' करा. फाइल फक्त अधिकृत जागेवरूनच घ्या.
६. फोन सुरू झाला की एफ-ड्रॉइड हे ओपन सोर्स ॲप्सचं दुकान टाका. त्यातून 'ओस्मअँड' किंवा 'ऑरगॅनिक मॅप्स' घ्या. एफ-ड्रॉइडवरच्या ओस्मअँडला नकाशे उतरवण्याची मर्यादा नाही.
७. वायफायवर महाराष्ट्राचा नकाशा उतरवून घ्या. कर्नाटकात गाडी जात असेल तर तोही घ्या.

झालं. आता या फोनला सिमसुद्धा लागत नाही. जीपीएसचे सिग्नल उपग्रहावरून येतात, त्याला इंटरनेट लागत नाही. फक्त इंटरनेट नसताना जागा पहिल्यांदा सापडायला थोडा वेळ लागतो, म्हणून गाडी मोकळ्या आकाशाखाली दोन-चार मिनिटं उभी करा आणि मग निघा.

एक सक्त सूचना. ज्या फोनवर तुमचं यूपीआय आणि बँक आहे, त्यावर हा प्रयोग करायचा नाही. अनलॉक केलेल्या फोनवर बँकेची ॲप्स चालायला नकार देऊ शकतात. गिऱ्हाईक पैसे द्यायला उभं आणि तुमचं ॲप उघडत नाही, हे परवडणारं नाही.

खरी संपत्ती डब्यात नाही, नकाशात आहे

आता येतो आजचा मुख्य मुद्दा. सिस्टिम बदलणं हे एका दुपारचं काम आहे. पण त्यामुळे तुमच्या हातात जे येतं त्याची किंमत मोठी आहे: तुमच्या रस्त्यांची माहिती तुमच्याच ताब्यात राहते.

ओस्मअँड आणि ऑरगॅनिक मॅप्स ज्या ओपनस्ट्रीटमॅपवर चालतात, तो नकाशा २००४ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झाला. त्यात कोणीही भर घालू शकतं, तुम्हीसुद्धा. आपल्या सातारा-सांगली पट्ट्यात याची गरज किती आहे, बघा.

*एकाच नावाची दोन गावं.* नागठाणे म्हटलं की सातारकराला हायवेवरचं नागठाणे आठवतं. सांगलीकराला पलूस तालुक्यातलं, बालगंधर्वांचं नागठाणे आठवतं. नव्या ड्रायव्हरनं नुसतं 'नागठाणे' टाकलं आणि पहिलं नाव निवडलं, तर माल दुसऱ्याच जिल्ह्यात.

*बदललेली नावं.* २०२५ मध्ये राज्य सरकारनं इस्लामपूरचं नाव ईश्वरपूर करण्याचा निर्णय घेतला. बिलावर एक नाव, ड्रायव्हरच्या तोंडात दुसरं. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये जुनं नाव, नवं नाव, मराठी नाव यांसाठी वेगवेगळे रकाने असतात. हायवेचंच बघा ना, २०१० मध्ये क्रमांक बदलले आणि चारचा अठ्ठेचाळीस झाला, पण लोकांच्या तोंडात अजून 'एनएच फोर'च आहे.

*एकेरी रस्ते.* खंबाटकीला वर्षानुवर्षं पुण्याहून येताना घाट आणि साताऱ्याहून जाताना बोगदा अशी रचना राहिली. पुढे तिथे नव्या बोगद्यांचं काम हाती घेतलं गेलं. अशा ठिकाणी जुना नकाशा आणि आजचा रस्ता यांचा मेळ राहत नाही.

*नेटवर्क नसलेला भाग.* कासला फुलं बघायला आलेला पर्यटक म्हणतो, बामणोलीला जाऊ, पुढे तापोळ्याचं बघू. कोयनेच्या त्या खोऱ्यात मोबाईलचं नेटवर्क कधी जाईल सांगता येत नाही. ऑफलाइन नकाशा तिथे उपयोगी पडतो.

*पाणी.* हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी मोजतात. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका. २०१९ आणि २०२१ चा पूर आपण विसरलेलो नाही. पण मुख्य पुलाच्या खूप आधी गावांमधले सखल पूल आणि बंधाऱ्यांवरचे रस्ते पाण्याखाली जातात. रस्ता शोधणाऱ्या ॲपला ते आपोआप कळत नाही. ते 'जवळचा रस्ता' म्हणून तिथेच पाठवू शकतं. ओस्मअँडमध्ये ठरावीक रस्ता टाळण्याची सोय आहे. पावसाळ्याआधी बसून तुमच्या रोजच्या भागातले असे रस्ते कोणते, त्याची यादी करून ठेवा. पाणी चढायला लागलं की ते प्रत्येक गाडीत 'टाळा' म्हणून टाका. तरीही एक नियम डोक्यात पक्का ठेवायचा: पुलावर पाणी दिसलं की थांबायचं, मग नकाशा काहीही म्हणो.

आता ऊस वाहतूकवाल्यांसाठी. उसाच्या फडाला पत्ता नसतो. 'ओढ्याच्या पुढं, पाटलांच्या विहिरीवरनं डावीकडं' हा आपला पत्ता. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडलेल्या असताना चुकीच्या पाणंदीत शिरलं की मागे घेता घेता नाकी नऊ येतात. मुकादमानं किंवा स्लिपबॉयनं फडावर उभं राहून ओस्मअँडमध्ये ठिकाण साठवलं आणि ती फाइल बाकीच्यांना पाठवली, की काम झालं. या फाइलला जीपीएक्स म्हणतात. ती कुठल्याही एका कंपनीची मालमत्ता नाही. उद्या ॲप बदललं, फोन बदलला, तरी ती फाइल उघडते.

बघा, आज तुमच्याकडे ही माहिती कुठे आहे? जुन्या ड्रायव्हरच्या डोक्यात. तो सीझनच्या मध्यात सोडून गेला की माहितीही गेली. ती फाइलमध्ये असेल तर नवा माणूस पहिल्याच आठवड्यात कामाला लागतो.

फक्त दोन वह्या वेगळ्या ठेवा. रस्ता, पूल, पेट्रोल पंप, गावाचं नाव ही सार्वजनिक माहिती ओपनस्ट्रीटमॅपवर घाला, सगळ्यांचा फायदा होईल. गिऱ्हाइकाचं घर, गोडाऊन, फोन नंबर हे फक्त तुमच्या खाजगी फाइलमध्ये. आणि दुसऱ्या कंपनीच्या नकाशावरून बघून ओपनस्ट्रीटमॅपवर उतरवायचं नाही, तो हक्कभंग आहे. स्वतः पाहिलेलंच घाला.

हिशोब करा, मग ठरवा

समजा, एका गाडीच्या महिन्याला २५ फेऱ्या होतात आणि रस्ता चुकल्यामुळे फेरीमागे सरासरी ६ किलोमीटर जास्त होतात. म्हणजे महिन्याला १५० किलोमीटर. गाडी लिटरला १५ देत असेल तर १० लिटर डिझेल वाया. आजच्या भावानं गुणा आणि १२ महिन्यांनी गुणा. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे स्वतःचे घाला.

दुसऱ्या बाजूला खर्च लिहा: फोनचा स्टँड, चांगला चार्जर, तुमची एक दुपार. आणि फोन बिघडलाच तर त्याची जुन्या बाजारातली किंमत. ही जोखीम गाडीतला चालू स्टिरिओ फ्लॅश करण्यापेक्षा कितीतरी कमी आहे, कारण प्रयोग फसला तरी गाडी उभी राहत नाही.

तोटेही सांगतो. ओपनस्ट्रीटमॅपच्या ॲप्समध्ये गूगलसारखी ट्रॅफिकची ताजी माहिती मिळत नाही. छोट्या दुकानांची नावं बऱ्याचदा सापडत नाहीत. म्हणून पुण्यात शिरताना ड्रायव्हरच्या फोनवरचं नेहमीचं ॲप बघा, आणि गावाकडच्या रस्त्याला ऑफलाइन नकाशा. दोन्ही ठेवा, भांडण लावू नका.

इथे हात लावू नका

• ट्रॅकिंगचं यंत्र. १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या सार्वजनिक प्रवासी वाहनांसाठी एआयएस-१४० मानकाचं ट्रॅकिंग यंत्र आणि आपत्कालीन बटण यांचा नियम लागू झाला. ते नेव्हिगेशन नव्हे, ती कायद्याची गोष्ट आहे. त्याचं सॉफ्टवेअर, वायरिंग, काहीच छेडायचं नाही.
• हातात फोन. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमानुसार गाडी चालवताना फोन फक्त रस्ता बघण्यासाठी वापरता येतो, तोही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीनं. म्हणजे फोन स्टँडवर, ठिकाण निघण्याआधीच टाकलेलं.
• ऊन. एप्रिल-मे महिन्यात सांगलीच्या उन्हात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर जुना फोन ठेवून जाऊ नका. बॅटरी फुगलेली दिसली तर तो फोन वापरायचाच नाही.
• क्रॅक केलेले नकाशे. पेनड्राइव्हवर 'सगळे नकाशे फुकट' देणारे भेटतील. ती चोरी आहे. कायदेशीर फुकट नकाशा उपलब्ध असताना कशाला?

ॲक्सेसरीजच्या दुकानदारांनो, तुमच्यासाठी

सातारा, कराड, सांगली, मिरज, कुठेही दुकान असो, यात तुमच्यासाठी सेवेचा धंदा आहे. ओपन सोर्स म्हणजे सॉफ्टवेअर फुकट, तुमचा वेळ आणि कौशल्य फुकट नाही. जुन्या फोनचं नेव्हिगेशन करून देणं, नकाशा भरणं, गिऱ्हाइकाची ठिकाणं घालून देणं, दर सहा महिन्यांनी अपडेट, याचं पॅकेज करा. तीन गोष्टी मात्र पाळा. काम घेण्याआधी 'फोनमधला सगळा डेटा जाईल' हे लेखी मान्य करून घ्या. यादीत नसलेला फोन किंवा स्टिरिओ फ्लॅश करायला नाही म्हणा. आणि सॉफ्टवेअर कोणाचं आहे ते प्रामाणिकपणे सांगा. 'आमच्या कंपनीचं' म्हणून विकू नका.

या आठवड्याचा गृहपाठ

१. प्रत्येक गाडीतल्या डब्याची जात ओळखा आणि वहीत लिहा.
२. सध्याच्याच फोनवर ऑरगॅनिक मॅप्स किंवा ओस्मअँड टाका, महाराष्ट्राचा नकाशा उतरवा आणि मोबाईल डेटा बंद करून एक नेहमीची फेरी करा. अजून काहीही फ्लॅश करू नका.
३. नकाशा कुठे चुकला ते ड्रायव्हरकडून विचारून घ्या. किमान दहा ठिकाणं साठवा.
४. तुमच्या भागातले पावसाळ्यात बुडणारे पूल आणि रस्ते यांची यादी करा.
५. हे चार जमले की मगच कपाटातला फोन बाहेर काढा.

बऱ्याच जणांचं काम चौथ्या पायरीलाच होऊन जाईल, आणि ते झालं तर उत्तमच. सिस्टिम बदलायची हौस नंतर करू. तुमची ती दहा ठिकाणं आजच लिहायला घ्या.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत गाडी सावकाश, हिशोब चोख!